कुत्रेवाल्यांची दिवाळी: कुणाला काय द्यायचं, काय लिहायचं

सोलापुरात कुत्रेवाल्यांचा सणाचा हंगाम वसुबारसेला सुरू होतो आणि सिद्धेश्वरांचा गड्डा, म्हणजे संक्रांतीच्या वेळची यात्रा, उठला की संपतो. मधे नरकचतुर्दशी, चंपाषष्ठी, दत्तजयंती, संक्रांत. या दिवसांत मोबाइलवर शुभेच्छांचा पूर येतो. कंदिलाशेजारी बसवलेलं लॅब्राडोर, टोपी घातलेलं पग, खाली चकचकीत अक्षरं. त्यात वाईट काही नाही. पण जो वॉचमन रात्रभर गेटजवळच्या कुत्रीला हाकलत नाही, किंवा जी बाई दोन वेळची शिळी भाकरी न चुकता ठेवते, त्यांच्यापर्यंत यातलं काही पोचत नाही. त्यांच्या वाट्याला सोनपापडीचा डबा येतो. तो चार घरं फिरतो आणि शेवटी गल्लीतल्या कुत्र्यांसमोर उघडला जातो.

आभार मानायचेच असतील तर तीन गोष्टी पाळाव्यात. नेमकं कशाबद्दल ते लिहावं. दिलेली वस्तू कुत्र्याच्या पोटात गेली तरी अपाय होऊ नये. आणि शुभेच्छा सणाच्या आठ दिवस आधी पोचाव्यात. तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त चुकते. पार्किंगचा कोपरा उघडा ठेवा, मनुका टाकू नका, फुलबाजीच्या तारा गोळा करा, ही विनंती त्याच कागदात मावते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आलेल्या कागदाचा कुणाला काही उपयोग नसतो.

आधी डब्याचं बोलू, कारण घोळ तिथेच होतो.

सोलापुरातला फराळाचा डबा म्हणजे चिवडा, चकली, लाडू, करंजी, शंकरपाळी आणि कोपऱ्यात कागदात बांधलेली शेंगा चटणी. माणसाला उत्तम. कुत्र्याच्या दृष्टीने यात सगळ्यात वाईट दिसायला सगळ्यात साधी आहे: चिवड्यातली, लाडवावर लावलेली मनुका. द्राक्षं आणि मनुका खाऊन कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. किती खाल्ल्यावर होतं याचा भरवशाचा आकडा नाही. एखादं कुत्रं मूठभर पचवतं, दुसरं थोडक्यात आडवं होतं. त्यामुळे ‘आमच्या मोत्याला काही झालं नाही’ या वाक्याला काही किंमत नाही. सोलापूर-पंढरपूर पट्ट्यात बेदाणा घरोघरी असतो, म्हणून हे जरा जोरात सांगावं लागतं.

शेंगा चटणीत लसूण असतो, शिवाय तिखट. कांदा, लसूण, पातीचा कांदा या सगळ्यांतली द्रव्यं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवून, वाळवून, पूड करून त्यांचा दोष जात नाही. पुडीत तर तो दाटतो. फसगत अशी होते की खाल्ल्या दिवशी काही दिसत नाही. तीन-चार दिवसांनी कुत्रं मलूल होतं, हिरड्या फिकट पडतात, लघवी गडद होते. तोवर डब्याची आठवण कुणाला नसते. चकली-शेवेचा त्रास वेगळा. एकदम भरपूर तळकट पोटात गेलं की स्वादुपिंडाला सूज येते. उलट्या सुरू होतात आणि कुत्रं पुढचे पाय पसरून मागचा भाग वर ठेवून उभं राहतं, ते पोटदुखीमुळे. खेळायला बोलावताना कुत्रं असंच वाकतं, म्हणून लोक हसत फोटो काढतात. शेपटी पाहावी. खेळात ती हलते.

अलीकडे चॉकलेट आणि सुक्यामेव्याची तयार पेटी द्यायची पद्धत पडली आहे. कुत्रं असलेल्या घरी ही देऊ नये. मिल्क चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये कुत्र्याला बाधणारं थिओब्रोमिन साधारण २ मिलिग्रॅम असतं, डार्कमध्ये त्याच्या दुप्पट-तिप्पट. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आसपास पोटात गेलं की उलटी, जुलाब, बेचैनी सुरू होते. ४०-५० च्या पुढे हृदयाचे ठोके बिघडतात, त्याहून वर झटके. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला मिल्क चॉकलेटची १०० ग्रॅमची वडी त्रास द्यायला पुरते, डार्कची निम्म्याहून कमी. ‘शुगर फ्री’ मिठाईवर झायलिटॉल लिहिलंय का ते पाहावं. माणसाला निर्धोक असलेला हा गोडवा कुत्र्याच्या रक्तातली साखर अर्ध्या-एक तासात खाली आणतो, पुढे यकृतालाही इजा करतो. मधुमेही काकांना प्रेमाने दिलेल्या पेढ्यामुळे त्यांचं पॉमेरेनियन दवाखान्यात, असा हा उलटा प्रकार.

काही खाल्लंच तर काय खाल्लं, किती, किती वाजता हे कागदावर लिहावं, वेष्टनाचा फोटो काढावा आणि डॉक्टरांना फोन करावा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नये. मीठच विषासारखं बाधतं.

मग द्यायचं काय? ज्वारीचे कडक तुकडे. सोलापूरला दुसरं काही शोधायची गरज नाही. मालदांडीचं पीठ घरात असतं आणि कडक भाकरीचं तंत्र आपल्या हाताला माहीत असतं.

२०० ग्रॅम ज्वारीचं पीठ, ५० ग्रॅम कणीक, १५० ग्रॅम शिजवून घोटलेला लाल भोपळा, १ अंडं, ३० ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट. मीठ, गूळ, सोडा, तूप काही नाही. ज्वारीला चिकटपणा नसतो, म्हणून भोपळा गॅसवरून उतरवून वाफाळता असतानाच पिठात घालावा. त्याच उष्णतेने पिठाची उकड होते. परात हाताला सोसेल इतकी निवली की मग अंडं फोडावं. आधी फोडलं तर ते पिठातच शिजतं आणि कणकेत पांढऱ्या गुठळ्या राहतात. भोपळा किती पाणचट आहे त्यावर अंदाज बदलतो. कोरडं वाटलं तर गरम पाणी चमचा चमचा घालावं. गोळा तळहाताने परातीवर पुढे रेटून मळावा, भाकरीचं पीठ मळतात तसा. दाबल्यावर कडा फाटली तर अजून मळायला हवा.

१५ मिनिटं झाकून ठेवून अर्धा सेंटिमीटरहून किंचित जाड लाटावं आणि एक इंची चौकोन कापावेत. ११० च्या आसपास तुकडे पडतात. ओव्हन असेल तर १६० अंशांवर २५ मिनिटं, मग उलटून ११०-१२० अंशांवर आणखी ४० मिनिटं. ही दुसरी फेरी भाजण्याची नाही, वाळवण्याची. ओव्हन नसेल तर भाकरीएवढी पातळ पोळी लाटावी, तव्यावर टाकताच सुरीने चौकोनांच्या रेघा पाडाव्यात, मंद आचेवर दोन्ही बाजू भाजाव्यात आणि आच बंद केल्यावर तापल्या तव्यातच राहू द्यावी. दुसऱ्या दिवशी फडक्याखाली ऊन दाखवावं. दिवाळीत सोलापूरचं ऊन त्याला पुरतं.

बिघडतं ते वाळवण्यात. वरून खुटखुटीत आणि आत मऊ राहिलेला तुकडा तिसऱ्या दिवशी बुरशी धरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात जाड तुकडा मोडून पाहावा. टचकन मोडला तर डबा भरावा, वाकून मग मोडला तर पुन्हा भाजावा. गरम तुकडे पिशवीत भरले की आत वाफ धरते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. शेंगदाणे निवडताना हात सैल सोडू नये. सुरकुतलेले, काळपट, कडू लागणारे दाणे फेकावेत. बुरशीच्या दाण्यातलं अफ्लाटॉक्सिन कुत्र्याच्या यकृताला फार लवकर बाधतं. माणूस कडू दाणा थुंकतो, कुत्रं गिळतं.

नीट वाळलेले तुकडे स्टीलच्या डब्यात तीन आठवडे टिकतात. एका तुकड्यात साधारण १० कॅलरी. २० किलोच्या गल्लीतल्या कुत्र्याला दिवसाला हजाराच्या आसपास कॅलरी लागतात आणि वरचं खाणं त्याच्या दहाव्या हिश्श्यात राहावं, म्हणजे जास्तीत जास्त १० तुकडे. पाच किलोच्या घरातल्या कुत्र्याला तीन. पाकिटात पंधरा-वीसच घालावेत. भरगच्च पाकीट दिलं की घेणारा एका बैठकीत संपवतो आणि रात्री जुलाब. दात पडलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी कोमट पाण्यात भिजवून द्या असं पाकिटावर लिहावं. घटकही लिहावेत, अंडं किंवा गहू न चालणारी कुत्री असतात. आणि ‘कुत्र्यांसाठी’ हे मोठ्या अक्षरात. माणसाने खाल्लं तर काही होत नाही, पण शुभेच्छा अळणी निघाल्या असं वाटतं.

पाकीट कागदाचं. रबरबँड, स्टेपलरची पिन, चमकीची रिबन नको, कुत्र्याच्या तोंडात सगळ्यात आधी तेच जातं. माणसांचा फराळ वेगळ्या डब्यात द्यावा आणि त्यातल्या चिवड्यात मनुका घालूच नयेत. चिवडा मनुकांवाचून अडत नाही.

आता शब्द. आभाराचं पत्र दोन-चार ओळींचं बरं, पण त्यात कुत्र्याचं नाव आणि एक घडलेली गोष्ट हवी. ‘आपल्या प्राणिप्रेमाला सलाम’ हे फलकावरचं वाक्य झालं. वॉचमनकाकांसाठी असं काहीसं:

‘काका, दिवाळीच्या शुभेच्छा. पावसाळ्यात काळीला आणि तिच्या पिल्लांना तुम्ही जिन्याखाली बसू दिलंत, त्याबद्दल आभार. तिचं ऑपरेशन झालंय, कानाला खूण आहे, आता पिल्लं होणार नाहीत. रेबीजची लसही दिली आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ती फटाक्यांना घाबरून आत येईल. तेवढी एक रात्र राहू द्या.’

यात आभार आहेत, काकांना सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगता येईल अशी माहिती आहे आणि एक छोटी मागणी आहे. कानाला कापलेली व्ही आकाराची खूण म्हणजे नसबंदी झालेली, हे अनेकांना ठाऊक नसतं. ‘कुणीतरी कान कापला’ म्हणून हळहळतात. शुभेच्छापत्रावर ही एक ओळ छापली तरी पुष्कळ गैरसमज मिटतात.

शहर तीन भाषांचं आहे, तेव्हा मराठीवर अडून बसू नये. पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या चहावाल्या अण्णांना ‘दीपावळी शुभाकांक्षलु’ आणि खाली ‘धन्यवादालु’, कन्नड बोलणाऱ्या अक्कांना ‘दीपावळी हब्बद शुभाशयगळु’. देवनागरीत लिहिलं तरी चालतं, बहुतेकांना वाचता येतं. कुत्र्याचं नाव मात्र ते ज्या नावाने हाक मारतात तेच लिहावं. एकाच कुत्र्याची या चौकात राजा आणि पुढच्या चौकात टायगर अशी दोन नावं असतात. आपलं नाव लादलं की आभार कमी आणि मालकी जास्त वाटते.

कुत्रं ज्यांना नको आहे त्यांनाही शुभेच्छा द्याव्यात, आणि खरं तर सगळ्यात आधी. रागावूनही ज्यांनी गरम पाणी ओतलं नाही, विष ठेवलं नाही, फक्त तक्रार केली, त्यांचे आभार मानण्यात कमीपणा नाही. त्यांच्या पत्रात उपदेश नको. नसबंदी झालेली कुत्री किती, लस कधी दिली, खाऊ घालायची वेळ आणि जागा कोणती, उष्टं कोण उचलतं, एवढंच. जागेचा मुद्दा आता कायद्याचाही आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे खाऊ घालायची जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून, इमारतीच्या दारापासून लांब ठरवायची असते. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावर कुठेही खाऊ घालू नये, वॉर्डात नेमून दिलेल्या जागीच घालावा, असं सांगितलं आहे. त्यामुळे दिवाळीच्या निमित्ताने भर चौकात पन्नास कुत्र्यांना पंगत घालून फोटो काढणं हे आभारप्रदर्शन नव्हे, शेजाऱ्यांना डिवचणं आहे. शिवाय अनोळखी कुत्री एका ताटावर आली की भांडतात आणि सोडवायला जाणाऱ्याला चावतात.

ज्यांचं कुत्रं यंदा गेलं त्यांना विसरू नये. घरातलं माणूस गेल्यावर पहिल्या दिवाळीला आपण जसं हळू बोलतो, तसंच. ‘नवीन पिल्लू आणा’ हे चुकूनही लिहू नये. कुत्र्याचं नाव लिहावं, त्याची एखादी खोड आठवत असेल तर ती लिहावी आणि थांबावं. त्या पाकिटात बिस्किटं नकोत.

पत्रावर पंजाचा ठसा हवा असेल तर त्याला गेरूसारखं काही नाही. तुळशीवृंदावन रंगवायचा साधा गेरू, त्यात बेताचं पाणी, दाट ताकाइतका. शाईचा पॅड किंवा ऑइलपेंट वापरू नये, कुत्रं लगेच चाटतं. फिरून आल्यावर, दमलेलं असताना, पुढचा पंजा धुऊन पूर्ण कोरडा करावा. बोटांमधले केस लांब असतील तर आधी कातरावेत, नाहीतर ठसा पंजाचा न उमटता बोळ्याचा उमटतो. गेरू फडक्याने फक्त गादीवर टिपावा. कागद जाड पुठ्ठ्यावर ठेवून तो पंजाकडे न्यावा. पंजा ओढून कागदाकडे आणला की कुत्रं हिसडा देतं आणि लांब फरफट उमटते. कोपराला खालून आधार द्यावा, मोजून तीन सेकंद दाबावं, सरळ वर उचलावं. पहिला ठसा नेहमी दाट येतो, दुसरा-तिसरा चांगला. मग लगेच पाय धुवावा. आडदांड कुत्र्याच्या मागे लागून घरभर गेरू करून घेण्यात अर्थ नाही. त्याच्या पत्रावर नुसतं नाव लिहिलं तरी ते पोचतं.

फोटो पाठवताना गल्लीचं नाव आणि लोकेशन काढून टाकावं. ‘इथे कुत्र्यांची छान काळजी घेतात’ हे चारचौघांत गेलं की महिन्याभरात तिथे खोक्यात घालून पिल्लं सोडली जातात.

नरकचतुर्दशीबद्दल दोन शब्द. नेपाळात तिहारचा दुसरा दिवस कुत्र्यांचा, कुकुर तिहार. कपाळावर टिळा, गळ्यात झेंडूची माळ, पुढ्यात खाणं. तिथीने तो आपल्या नरकचतुर्दशीच्याच सुमारास येतो, म्हणून हे फोटो नेमके तेव्हा फिरतात आणि आपल्याकडेही हौसेने ओवाळणं होतं. करायला हरकत नाही, पण पहाटे नको. अभ्यंगस्नान आटोपून पाच वाजता फटाक्यांची पहिली माळ लागते आणि त्या वेळी बाहेर काढलेलं कुत्रं पट्टा सोडवून पळतं. दुपारी ओवाळावं. निरांजन मिशांपासून हातभर लांब, टिळा डोळ्यांपासून दूर आणि हळदीचाच, बाजारच्या कुंकवात कसले रंग असतात सांगता येत नाही. माळ फोटोपुरती, लगेच काढावी. दोऱ्यासकट गिळलेली माळ आतड्यात अडकते. उटणं-सुगंधी तेल कुत्र्याला लावू नये.

फटाक्यांच्या रात्रीसाठी घरच्या कुत्र्याला संध्याकाळी उजेडातच फिरवून आणावं, लवकर जेवू घालावं आणि आतल्या खोलीत पंखा-टीव्हीचा आवाज लावून बसवावं. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला हवाच. माणसाला २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५ हजारांच्या आसपास. त्याला ती रात्र आपल्यापेक्षा फार मोठी असते. फार घाबरणाऱ्याला औषध लागत असेल तर डॉक्टरांकडून आठ दिवस आधी घ्यावं आणि एका शांत दिवशी एकदा देऊन पाहावं. गुंगी आणणारी गोळी म्हणजे भीतीची गोळी नव्हे. काहींनी अंग ढिलं पडतं, भीती आत तशीच राहते.

सकाळी उठून जे करायचं त्याला खर्च काही नाही आणि सफाई कामगारांचे आभार मानायचा याहून चांगला मार्ग नाही. फुलबाजीच्या तारा लोखंडी असतात. जुन्या स्पीकरमधलं चुंबक काठीला बांधून अंगणात, गेटसमोर फिरवावं, मूठभर तारा निघतात. या तारा पंजाच्या दोन गाद्यांमध्ये घुसतात, वरून दिसत नाहीत आणि कुत्रं आठवडाभर तीन पायांवर चालतं. न उडालेले फटाके पाण्याच्या बादलीत बुडवून मग कचऱ्यात टाकावेत. त्यातली बेरियमची संयुगं चघळली गेली तर रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि कुत्र्याचे पाय लुळे पडतात. झाडूवाल्या मावशींच्या हातालाही त्याच तारा टोचतात.

डॉक्टरांना मिठाई नको. उधारी असेल तर ती दिवाळीआधी चुकती करावी, हेच आभार. त्यावर काही द्यायचंच असेल तर टॉवेल. ऑपरेशननंतर गुंगीतल्या कुत्र्याला पुसायला, गुंडाळायला, खाली अंथरायला दवाखान्यात टॉवेल कायम कमी पडतात आणि सोलापूरसारख्या टॉवेलच्या गावात सेकंडचा, म्हणजे विणीत थोडी खोट राहिलेला नवा माल स्वस्तात मिळतो. दोनदा धुऊन, सुगंधी द्रव न वापरता वाळवून द्यावेत. सुटलेले धागे कातरून टाकावेत.

धाग्यांचं हे चादरीलाही लागू. हिवाळ्यासाठी जुनी सोलापुरी चादर देणं चांगलंच, एका चादरीत तीन कुत्र्यांची सोय होते. पण कडेच्या दशा आधी कापाव्यात आणि कड दुमडून शिलाई मारावी. पिल्लू दशा चोखत चोखत गिळतं. लांब धाग्याचं एक टोक जठरात अडकतं, दुसरं आतड्यात पुढे जातं, आतडं चुण्या पडल्यासारखं गोळा होतं आणि पोट उघडण्यावाचून इलाज राहत नाही. शेपटीखाली धागा लोंबताना दिसला तर ओढू नये, तसंच डॉक्टरांकडे न्यावं. उघड्यावर झोपणाऱ्या कुत्र्यांना चादरीपेक्षा गोणपाट बरं, दव पडलं तरी लवकर वाळतं. बाजार समितीतून कांद्याचं तागाचं पोतं आणलं तर पाला पूर्ण झटकून, उन्हात टाकून मगच अंथरावं. प्लास्टिकच्या जाळीची गोणी नको, नखं अडकतात.

आपल्या बरोबरीने रोज खाऊ घालणाऱ्या सोबत्यांना काय द्यावं, हा प्रश्न सोपा आहे. रेबीजची आधी घ्यायची लस. कुत्र्यांच्या रोजच्या संपर्कात असणाऱ्याने ती घेऊन ठेवावी. डॉक्टर सांगतील त्या दिवसांना सोबत जावं, हीच भेट. लस घेतली असली तरी चावल्यावर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुणं आणि पुढचे डोस घेणं सुटत नाही.

चंपाषष्ठीला सोलापूरच्या बाळे इथल्या खंडोबाची यात्रा भरते. खंडोबाच्या सोबत कुत्रं असतं, म्हणून अनेक घरांत तळी भरल्यावर कुत्र्यालाही नैवेद्याचा घास देतात. घास द्यावा, पण रोडग्याचा, भरताचा नको. त्या दिवशीच्या भरतात पातीचा कांदा आणि लसूण भरपूर असतो. नैवेद्य वाढतानाच कुत्र्याचा रोडगा बाजूला काढून ठेवावा, भरीत लागलेला मग धुऊन चालत नाही. दत्तजयंतीलाही असंच. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, म्हणून अक्कलकोटला जाणारी मंडळी वाटेत कुत्र्यांना पेढे घालतात. पेढ्याऐवजी खिशात भाकरीचे तुकडे ठेवावेत.

संक्रांतीला तिळगुळाची वडी न देता भाजलेल्या तिळात घोळवलेला एक तुकडा पुरे. हलवा नुसती साखरच. याच दिवसांत गड्डा, आणि होम मैदानावर शोभेचं दारूकाम. त्या रात्री मैदानाच्या आसपासची कुत्री लांबवर पांगतात आणि अनोळखी गल्ल्यांत शिरतात. दुसऱ्या दिवशी आपल्या दारात नवं कुत्रं दिसलं तर हाकलू नये, पाणी ठेवावं आणि कानाची खूण पाहावी. आवाज थांबले की बहुतेक आपापल्या जागी परततात. हा निरोप आसपासच्या सोसायट्यांना संक्रांतीच्या शुभेच्छांबरोबरच पाठवावा.

संक्रांतीसाठी भाजलेले तुकडे तीन आठवड्यांत संपवावेत. त्यानंतर डबा उघडला की कुटाला खवट वास येतो. तेव्हा उरलेले कुणाला वाटू नयेत, टाकून द्यावेत.